गंजलेला क्लच

“संध्याकाळपर्यंत हा क्लच लोण्यासारखा चालेल!” मिस्त्रींनी जाहीर केलं आणि पान्याला हिसका दिला. नट जागचा हलला नाही. मिस्त्री हलले आणि थेट भुशाच्या ढिगात जाऊन बसले.

वखारवाल्यानं ओंडके ओढायचं जुनं यंत्र, म्हणजे विंच, कुठूनतरी आणून मिस्त्रींच्या दुरुस्तीच्या दुकानात उभं केलं होतं. इंजिन ठीक होतं, पण विंचचा क्लच गंजून नुसता दगड झालेला. क्लच धरला की रीळ फिरून तारदोर ओंडका ओढणार, सोडला की थांबणार, एवढं साधं काम.

“बाबा, हात किती थरथरतायत,” लेक म्हणाली. “हे नाही चाललं तर दुकान बंद आणि तुम्ही नि आई माझ्याकडे. तुम्हीच कबूल केलंय.”

“चालेल गं! हात यंत्राचे थोडेच थरथरतायत?”

रॉकेल, हातोडा आणि शिव्या, तिन्हींचा सढळ वापर झाला. नट सुटले. क्लचच्या चकत्या एकेक करून सोडवल्या, घासल्या, पुसल्या. मग मिस्त्रींनी जरा डोळे मिटले.

उठले तर बायको समोर उभी. “अहो, बघा कशा चमकतायत! शिवणयंत्राचं तेल लावलं सगळ्यांना.”

मिस्त्रींनी एका चकतीवरून बोट फिरवून पाहिलं. या चकत्यांना तेलाचा थेंब चालत नाही. तेलकट झाल्या की एकमेकींना धरतच नाहीत, नुसत्या घसरतात. पण बायकोची नखं काळी झाली होती, कपाळालाही ग्रीस लागलं होतं.

“झकास केलंस,” ते म्हणाले.

ती आत गेल्यावर ते चोरासारखे दुकानामागे गेले आणि पेट्रोलनं चकत्या धुवायला लागले. बोटांतून चकती निसटायची, घरंगळत जायची, ते मागे रांगायचे. एक चकती एका चपलेपाशी जाऊन थांबली.

“मला सांगायचं नाही होय?”

“सांगणार होतो.”

“कधी?”

“तू झोपल्यावर.”

ती हसली नाही. शेजारी बसली, चकती उचलून घट्ट धरली. “घासा. मी धरते.”

तिच्या हातात चकती हलत नव्हती. मिस्त्रींनी पॉलिशपेपर फिरवला. 

वखारवाला आला. लेकही आली, हाताची घडी घालून. क्लच बसला, इंजिन धडधडलं, तारदोर ताणला गेला. अंगणातला ओंडका शहाण्या म्हशीसारखा सरळ चालत आला.

“मिस्त्री, मानलं!” वखारवाला ओरडला. “अजून एक विंच आहे, उद्याच पाठवतो!”

लेकीनं हाताची घडी सोडली. “राहा इथेच,” ती म्हणाली आणि नाक पुसलं.

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं आणि क्लच सोडायला ऐटीत दांडा मागे घेतला. क्लच सुटला नाही. ओंडका दारात आडवा झाला आणि तसाच आत आला, चौकट घेऊन.