खडकावरचा तिरंदाज

मावशीला विमेवाला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, पण त्याला काही अर्थ नव्हता. मावशीला कोणीच आवडत नसे. वीज कंपनीच्या बिलखात्यात सगळी नोकरी काढलेली बाई ती. लोकांच्या तक्रारी ऐकून ऐकून माणसांविषयी तिचं एक मत झालं होतं आणि ते चांगलं नव्हतं. शेजारीण बोलते फार, दूधवाला बोलतच नाही, खालच्या मजल्यावरचे डॉक्टर असे चालतात, जणू रस्त्यावर उपकार करताहेत. भाचीने घरी आणलेला पहिला मित्र चहा पिताना आवाज करायचा. दुसरा आवाज करत नव्हता, तर "पितो कसा बघ, चोरासारखा!" असं ती म्हणाली. म्हणून हा तिसरा येण्याआधी भाचीने हातच जोडले.

"मावशी, या वेळी तू तोंड उघडायचं नाही. तुझं नावं ठेवून होईपर्यंत मी म्हातारी होईन."

"मी कुठे काय बोलतेय?"

"तुझं नाक बोलतंय."

भाची दात बनवायची. आई गेल्यापासून ती मावशीकडेच वाढली, शिकली आणि बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या एका लॅबमध्ये लागली. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवत, तिथे त्यावरून दात तयार होत. त्यातही पुढचे दात करावेत ते हिनेच. शेजारच्या दाताचा पिवळेपणा, कडेचा निळसर काचेसारखा भाग, कुठे बारीक चीर असली तर तीसुद्धा ती ब्रशच्या टोकाने उतरवायची. तिचं टेबल खिडकीजवळ होतं, कारण दाताचा रंग दिव्याखाली खोटा दिसतो. विमेवाला तिला भेटला तो यापायीच. क्रिकेट खेळताना त्याचा पुढचा दात तुटला होता आणि रंग जुळवायला डॉक्टरांनी त्याला थेट लॅबमध्ये पाठवलं होतं. आता तो हसायचा तेव्हा कुठला दात त्याचा आणि कुठला भाचीचा हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं.

तो विमा कंपनीत होता. जळलेली गोदामं आणि ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि कंपनीचं कमीत कमी किती जाईल ते सांगायचं, हे त्याचं काम. कंपनी दुसऱ्या शहरात नवी शाखा काढणार होती, तिथे त्याला साहेब होऊन जायची आशा होती. लग्न करून दोघांनी तिकडे राहायचं, इथवर ठीक होतं. पण त्याने आखलं होतं ते असं, की भाचीने आत्ताच राजीनामा द्यावा आणि पुढे जावं.

"ती घर बघेल, एखाद्या लॅबमध्ये लागेल, जरा बस्तान बसवेल," तो मावशीला समजावून सांगत होता. "माझी बदली पक्की झाली की मी येतोच."

"आणि नाही झाली तर?" मावशी म्हणाली. भाचीने तिच्याकडे बघितलं.

"तर ही परत येईल. त्यात काय?"

त्यात काय, ते लॅबवाल्या बाईंनी भाचीला सांगून ठेवलं होतं. खिडकीजवळच्या टेबलासाठी दुसरी मुलगी तयार बसली होती. जायचं तर सोमवारी राजीनामा हवा, राहायचं तर तसं सांग. आज रविवार होता. भाचीने अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. पोरगी आपल्यासाठी राहावी असं मावशीचं म्हणणं नव्हतं. पण खिडकीजवळचं ते टेबल पोरीने स्वतःच्या बोटांनी मिळवलेलं होतं. ते या माणसासाठी सोडायचं, तर माणूस तेवढ्या लायकीचा हवा. आणि तो नाही हे सांगायची सोय तिने स्वतःच्याच जिभेने घालवली होती. जी सगळ्यांना नावं ठेवते तिने एकाला नाव ठेवलं, तर कोण ऐकणार?

जेवण झाल्यावर दोघं टीव्हीवर गेम खेळायला बसली. भाची लहानपणापासून खेळायची. किल्ले, गुहा, राक्षस, जादूगार असा तो मोठा पसारा होता. मावशी शेजारच्या खुर्चीत मटार सोलत बसायची आणि बघायची. खेळाच्या रिमोटला तिने कधी हात लावला नव्हता, बोटं दुखतात म्हणायची. पण वर्षानुवर्षं बघून डावपेच तिला तोंडपाठ झाले होते आणि खेळणाऱ्यांची किंमतही कळली होती. भाची कधी कधी अनोळखी लोकांबरोबर खेळे, तेव्हा तर मावशीला पर्वणीच. एक जण तलवार परजत सगळ्यांच्या आधी गुहेत घुसायचा, चिरडला जायचा आणि वर ओरडायचा, की बाकीचे झोपले होते का? असले तीन साहेब मावशीने कचेरीत पचवले होते. एकीच्या झोळीत जखम भरून काढणाऱ्या औषधाच्या इतक्या कुप्या, की चालताना वाजाव्यात. पण वेळेला एक उघडेल तर शपथ. मेली तीही भरल्या झोळीनिशी. एक जादूगार आग फेकायचा, त्यात राक्षसापेक्षा आपलेच लोक जास्त भाजायचे. आणि एक महाभाग तर लढाई चालू असताना मेलेल्यांचे खिसे चाचपत फिरायचा. "याला वसुलीला घ्या," मावशी म्हणायची.

भाची नेहमी ढालवाली व्हायची. पुढे उभं राहायचं, मार झेलायचा, मागच्यांना वेळ मिळवून द्यायचा. मावशीला ते आवडायचं, म्हणजे त्याला ती नावं ठेवत नसे.

विमेवाला तिरंदाज होता. लढाईच्या जागी आला की आधी एखादा उंच खडक शोधायचा, त्यावर चढायचा आणि वरून बाण सोडायचा.

"खालच्यांना वर येताच येत नाही मावशी," त्याने खुशीत सांगितलं. "एक ओरखडा नाही अंगावर. डोकं वापरायचं!"

मावशीने मटाराची एक शेंग जरा जोरात फोडली.

पुढे एक मोठं अंधारं दालन आलं. भाची दारात थांबली. "जाऊ?"

हा प्रश्न तिने मावशीकडून उचलला होता. फार पूर्वी, बिलखात्यात पहिला संगणक आला तेव्हा, त्यात कोणीतरी एक खेळ टाकून ठेवला होता. चित्रं नाहीत, काही नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. भिंती अक्षरांच्या, राक्षस म्हणजे एक अक्षर आणि आपण म्हणजे एक खूण. कचेरी सुटल्यावर मावशी धरून चौघी जणी खुर्च्या ओढून त्याच्यापुढे बसायच्या. चौघींत मिळून एक जीव. त्या खुणेला त्या 'बाई' म्हणायच्या. बटणावर जिचं बोट असेल तिने प्रत्येक धोक्याच्या पावलाआधी विचारायचं, "जाऊ?" आणि बाकीच्या तिघींनी नीट बघून, विचार करून "जा" म्हणायचं. कारण बाई मेली की मेली. मागे जायची सोय नव्हती, पुसलीच जायची. एकदा बाई खूप खोलवर पोचून मेली, तेव्हा हेडक्लार्कबाईंनी चपला घातल्या आणि कोणाशी न बोलता घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीपर्यंत कोणी त्या यंत्राकडे पाहिलं नाही. त्या चौघींतल्या दोघी आता नव्हत्या. आणि तिसरीला काही आठवत नव्हतं. पण तिच्या खांद्यावर हात ठेवून "जाऊ?" म्हटलं, की अजून ती "थांब, बघू दे" म्हणायची.

"जा, जा," विमेवाला पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "एकदा मरून बघ. कुठून कोण येतं ते मला कळू दे."

भाची गेली. अंधारातून भुतं आली, तिला चहूकडून घेरलं. तो खडकावरून बघत राहिला, एक बाणही न सोडता. ती पडली.

"डावीकडून तीन, मागून एक," तो म्हणाला आणि खेळ मागच्या जागेवरून परत सुरू केला. "पुन्हा जा."

ती पुन्हा गेली, पुन्हा पडली. तिसऱ्या खेपेला त्याने वरूनच सगळ्यांना टिपलं. "बघितलंस? आपली टीम!"

मावशीने सकाळपासून जीभ दाताखाली धरली होती. आता ती जराशी सुटली.

"आमच्या वेळी एकच जीव असायचा."

"मग मजा काय त्यात?" तो हसला.

"मजा नव्हती. खेळ होता."

भाचीने मान वळवून मावशीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "तशी सोय आहे यातही," ती म्हणाली. "मेलं की संपलं. खेळू या?"

"खेळू की!" विमेवाल्याने बाह्या सरसावल्या. "मला काय होतंय?"

नवी माणसं घेतली. खेळात पुन्हा ती ढालवाली, तो तिरंदाज. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला छान जमलं. त्याचा नेम चांगला होता, मावशीलाही ते मनात कबूल करावं लागलं. म्हणजे दगड मारायला गच्चीवर चढलेल्या पोराचा असतो तितका चांगला. वाटेत औषधाच्या कुप्या मिळाल्या. त्या त्याने आपल्या झोळीत टाकल्या. तो मागे सुरक्षित असतो, तिथे त्या फुटणार नाहीत, असं त्याचं गणित.

मग एक पडका पूल आला. पलीकडे कोळिष्टकं लटकलेली. अलीकडे सोयीचा खडक होता, तो वर चढून बसला.

"जाऊ?" भाचीने विचारलं.

"जा."

"या वेळी परत उठता येणार नाही हं मला."

"अगं, मी आहे ना वर!"

ती पुलाच्या मध्यावर गेली आणि पलीकडून वासराएवढे कोळी उतरले. तिने ढाल धरली, मागे सरली, पुन्हा पुढे रेटलं. चांगली लढली. तिच्या जिवाची लाल रेघ आखडत चालली.

"एक कुपी टाक इकडे!"

"थांब, पुढे लागतील."

"पुढे कोणाला? टाक ना!"

"घाई करू नकोस. बघू दे किती आहेत ते."

तो मोजेपर्यंत ती पडली. तिच्या जागी राखाडी दगड उभा राहिला. भाचीने रिमोट मांडीवर ठेवला.

"अरेरे," विमेवाला म्हणाला. "जाऊ दे गं, गेमच तर आहे."

आणि तेवढ्यात मोकळे झालेले कोळी त्याच्या खडकाकडे वळले आणि चढू लागले. कोळीच ते, भिंतीवर चढायला त्यांना कोणी शिकवावं लागतं? विमेवाल्याला हे सुचलंच नव्हतं. तो ताडकन उठला. ज्या कुप्या पुढे लागणार होत्या त्या एकामागून एक घटाघट संपल्या. "अरे, अरे, हे काय? असं कसं चढतात?" एक कोळी त्याच्या पायाला भिडला, दुसरा पाठीवर आला. लाल रेघ केसाएवढी उरली आणि विमेवाल्याने रिमोट फेकला, गुडघ्यांवर बसून टीव्हीमागे हात घातला आणि प्लग उपटला.

पडदा काळा झाला. मावशीच्या हातातला मटार हातातच राहिला.

भाची उठली. तिने प्लग परत लावला, खेळ सुरू केला. पूल दिसला. पुलाच्या मध्यावर तिचा राखाडी दगड तसाच उभा होता. ते मरण नोंदलं गेलं होतं. खडकावर तिरंदाज मात्र धडधाकट होता. कोळी पुन्हा आपल्या जाळ्यात जाऊन बसले होते.

"बघ!" विमेवाला टाळी देण्यासाठी हात पुढे करून म्हणाला. "मी वाचलो!"

तो मनापासून हसला. त्या हसण्यातला एक दात भाचीचा होता.

तिने टाळी दिली नाही. "तिकडे मी आधी जायचं, ना?"

"कुठे? कोळ्यांकडे?"

"नव्या शहरात."

त्याचा हात खाली आला. "हे काय मध्येच? गेमचं आणि खऱ्याचं काय एक करतेस? मावशींनी भरवलंय का काही?"

"मावशी सकाळपासून चार वाक्यं बोलली असेल. मी ओळखते तिला, तिची काय अवस्था झाली असेल." भाची अगदी शांत होती. साचा हातात घेऊन न्याहाळायची तशी ती त्याच्याकडे बघत होती. "आपण असं करू. तू आधी जा. घर बघ, बस्तान बसव. मग मी येतेच."

"मी कसा जाणार?" विमेवाला चटकन म्हणाला. "तिकडे अजून पक्कं काहीच नाही!"

बोलून गेला आणि आपण काय बोललो हे त्याला कळलंही नाही. मावशीने तोंडावर पदर घेतला. हसू येत होतं की संताप, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"हो ना," भाची म्हणाली. "नाहीच आहे पक्कं. म्हणून मी जात नाहीये. इथेच राहणार आहे. लग्नाचंही राहू दे."

त्याने बरंच समजावलं. एवढ्याशा गेमवरून कोणी असं करतं का, लोक काय म्हणतील, मी तर तुझ्याच भल्याचं बघत होतो. भाची ऐकत राहिली. शेवटी तो बूट घालायला बसला, तेव्हा ती दारापर्यंत गेली.

"दात सैल झालाच तर लॅबमध्ये ये," ती म्हणाली. "मी तिथेच असेन. खिडकीजवळ."

दार लावून ती परत आली, खुर्चीत बसली. डोळे भरले होते. मावशीच्या ओठांवर सकाळपासूनचं सगळं येऊन थांबलं होतं: त्याचा खडक, त्याच्या कुप्या, तो प्लग. चांगलं तासभर पुरलं असतं. तिने ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, की आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

"बोल," भाची नाक पुसत म्हणाली. "आता बोलू शकतेस."

"मला काय बोलायचंय?" मावशीने मटाराची परात बाजूला सारली. "तो दुसरा रिमोट आण इकडे."

"तुझी बोटं दुखतात ना?"

"दुखू दे. एकच जीव, लक्षात ठेव. आणि खडकावर चढायचं नाही."

नवी माणसं घेतली. मावशीने रिमोट पोळपाटासारखा दोन्ही हातांत धरला, पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "जाऊ?"

"थांब, बघू दे," भाची म्हणाली.

पण मावशीचा अंगठा तोवर दबला होता. तिची बाई पहिल्याच ओढ्याच्या काठावरून तरातरा पुढे चालत गेली आणि एकही राक्षस न पाहता सरळ पाण्यात बुडाली.

भाची रडता रडता हसायला लागली. थांबेचना.

"काय दात काढतेस?" मावशी म्हणाली. "कसला गचाळ खेळ बनवलाय मेल्यांनी. साधा कठडा बांधता येत नाही!"