डाव्या गालाचे फाउंडेशन

युवराजने गुळाच्या मोठ्या काहिलीत लांब दांड्याचा पळा बुडवला आणि उकळती काकवी बायकोच्या तोंडावर फेकली. पाणी असते तर ओघळून गेले असते. काकवी चिकटते. रेश्माने ती दोन्ही हातांनी ओढून काढायला पाहिले, तेव्हा डाव्या गालाची कातडी काकवीबरोबर हातात आली. पळसदेवच्या शिवारात त्यांचे गुऱ्हाळ आहे. गूळ करणाऱ्या माणसाला चहा देताना ती हसून काहीतरी बोलली, एवढेच निमित्त होते.

हे तिने मला कधी सांगितले नाही. माझ्या बायकोला, सुधाला सांगितले, आणि सुधाने मला. त्यामुळे मी लिहितो ते सगळे बरोबर असेल असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण तो गाल मी रोज बघत होतो.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले, तेव्हा सासू प्रयागबाई रेश्माच्या पाच वर्षांच्या लेकीचा, ओवीचा हात घट्ट धरून खाटेच्या पायथ्याशी उभी होती. रेश्माने पाय घसरून काहिलीवर पडल्याचे सांगितले. त्यानंतर तिला ओवी दिसली नाही. माहेर सोमेश्वरनगरला, तिथे भावाने दार उघडले, पण आत ये म्हटले नाही. मग ती बारामतीत आली आणि आमची वरची खोली भाड्याने घेतली. एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात पिशव्या भरायच्या कामावर लागली. तिथे सगळ्यांनाच मास्क लावावा लागतो, म्हणून तिने ती नोकरी धरली होती. मुलीसाठी तिने कोर्टात अर्ज केला होता. तारखा पडत होत्या.

मे महिन्यात युवराजचे चुलत आजोबा हिंदुराव यांचा फोन आला. भावकीत त्यांचा शब्द चालतो. रेश्माने फोन आमच्यासमोरच स्पीकरवर ठेवला.

"कोर्टात म्हातारी हुशील, पोरी," हिंदुराव म्हणाले. "रविवारी ये हिकडं. देवळाच्या मंडपात पोरीला मधी सोडू. ज्याच्याकडं जाईल त्याच्याकडं ऱ्हाईल. मग कुणी काय बोलायचं न्हाय. युवराजला बी कबूल हाय."

सुधाचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, ती खुर्चीतूनच कडाडली. "पोर आहे का जत्रेतला बोकड? तू मुळीच जायचं नाहीस."

"जाणार, काकू," रेश्मा म्हणाली. मग पदराचे टोक पिळू लागली. "भ्या त्याचं न्हाय. माझं हे थोबाड बघून ती म्हागं फिरली तर? मग संपलंच की."

गाल झाकायचा, असे त्या दोघींचे ठरले. सुधाला जिना उतरता येत नव्हता, म्हणून रेश्माबरोबर मला जावे लागले. सगळे आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेले, त्यामुळे मी आदल्या दिवशी भाजलेल्या त्वचेबद्दल पुष्कळ वाचून ठेवले. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मोना नावाची मुलगी होती. तिने रेश्माचा मास्क काढायला लावला, गाल बघितला आणि चेहऱ्यावर काही दाखवले नाही. मी वाचलेले सांगू लागलो तशी म्हणाली, "काका, तुम्ही पंख्याखाली बसा. इथं ग्रंथ सापडायचा नाही."

तो गाल खरोखरच अवघड होता. मध्यभागी गुलाबी, गुळगुळीत आणि चकचकीत, छिद्रेच नसलेला. कडेला काळपट, जाड गाठी. उजवा गाल तेलकट, डावा कोरडा. पहिले फाउंडेशन मधल्या भागावर टिकेचना, काचेवरून घसरावे तसे हनुवटीकडे सरकले. दुसरे सुकले आणि दुधावरच्या सायीसारखे सुरकुतले. तिसऱ्यात सुवास होता, त्याने आग झाली. प्रत्येक वेळी रेश्मा कापसाने गाल असा खरवडायची की गाठींच्या कडेला रक्त आले.

"अगं, तोंड आहे ते," मोना म्हणाली. "कढई नाही."

"माझ्या पोरीला दाखवायचंय. निघतंय की सगळं."

"तर मग निवांत बस जरा. तू एवढी रागानं बघतीस की मलाच घाम फुटलाय."

शेवटी तिने आतल्या कपाटातून एक लहान चपटी डबी आणली. जळल्याच्या, कोडाच्या डागांवर लावायचे ते फाउंडेशन, लोण्यासारखे घट्ट. आधी काळ्या कडांवर नारिंगी रंगाचा पातळ थर, त्यावर हे. चोळायचे नाही, ओल्या स्पंजने थापायचे. मोना थापत गेली तशी तिची बडबड थांबली. कडा बुजल्या, चकाकी गेली. मी खुर्चीवरून उठून जवळ आलो. डबीतला रंग आणि उजव्या गालाचा रंग, यांत मला तरी फरक कळेना.

रेश्माने आरशात पाहिले. "पोरीनं मुका घेतला तर जाईल का?"

"वर पावडर बसली की मुका घे, नाहीतर रड. पाण्यानं जात नाही. घासलंस तरच जाईल."

त्याच वेळी मागून युवराज आला. आम्ही इथे आहोत हे त्याला कुणी सांगितले, मला माहीत नाही. त्याने रेश्माचे केस मुठीत धरले आणि तिचे डोके काउंटरच्या काचेवर आपटले. काच तडकली. त्याने पुन्हा आपटले.

"कुणासाठी नटतीस गं? आं? आजून हौस फिटली न्हाय?"

मी त्याचा सदरा मागून धरला. त्याने न बघता कोपर मारले, माझा चष्मा फुटला आणि नाकातून रक्त आले. रेश्माचे कपाळ फुटले होते, तरी ती काउंटरच्या कडेला पाय लावून मागे रेटत होती आणि नखांनी त्याचे मनगट ओरबाडत होती. मोनाने केसांच्या फवाऱ्याचा डबा उचलला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत मारला. तो ओरडत, टेबले पाडत रस्त्यावर गेला. "रविवारी ये, आवदसे," तो बाहेरून म्हणाला. "तितं पुरतो तुला."

मी म्हणालो, पोलिसांत जाऊ.

"रविवार झाल्यावर," रेश्मा म्हणाली. रक्त भुवईवरून गालावर उतरले होते आणि फाउंडेशनवरून ओघळून खाली गेले होते. खालचा रंग हलला नव्हता. ते तिने आरशात नीट पाहून घेतले. "आज तक्रार दिली तर ती माणसं पोरीला आणणार न्हाईत, काका." मग मोनाकडे वळून म्हणाली, "हीच डबी दे."

रविवारी सकाळी सुधाने खुर्चीत बसून तिचा गाल थापला. कपाळावरची जखम केसांखाली दडवली. जुनी रेश्मा मी कधी पाहिली नव्हती. ती इतकी लहान असेल असे वाटले नव्हते. ती हसली तेव्हा डावी बाजू थोडी मागे राहिली, बाकी काही कळत नव्हते. सुधा म्हणाली, "आता कशी घाबरेल पोर?" मलाही तसेच वाटले.

भाड्याच्या गाडीने आम्ही भिगवणवरून पळसदेवला गेलो. धरणाचे पाणी खूप खाली उतरले होते, होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या. मंडपात भावकीतली पाच-दहा माणसे चटईवर बसली होती. हिंदुराव खांबाला टेकून होते. युवराजचे डोळे अजून लाल होते. त्याच्या शेजारी प्रयागबाई, आणि तिच्या लुगड्यात तोंड खुपसून ओवी.

रेश्माला बघून प्रयागबाईचा चेहरा उतरला. असा गाल बघायला ती आली नव्हती. तिने खाली वाकून पोरीच्या कानात काहीतरी सांगितले आणि तिला पुढे ढकलले.

ओवी मंडपाच्या मध्यावर येऊन थांबली. रेश्मा गुडघ्यांवर बसली, हात पुढे केले. "ये, सोन्या."

पोरगी चार पावले पुढे आली. वाकून वाकून बघू लागली, उजवा गाल, मग डावा. हात पुढे केला आणि न लावताच मागे घेतला. तिच्या डोळ्यांत भीती मावत नव्हती.

"ही आई न्हाय," ती म्हणाली.

"आगं, मीच हाय. ओवे, बघ की माझ्याकडं."

"बघा," प्रयागबाई म्हणाली. "लेकरू वळखत बी न्हाय. मिटलं."

ओवी एकेक पाऊल मागे सरकत होती. रेश्माचे हात तसेच हवेत होते. हिंदुरावांनी विचारले, "का गं बाळ? आई न्हाय असं का म्हणतीस?"

"आजी म्हणली आईसारखी दुसरी बाई येणार हाय. पोरं धरून नेणारी." तिने स्वतःच्या डाव्या गालावर तळहात ठेवला. "माझ्या आईला हितं भाजलंय. बाबांनी काकवी टाकली ना. मी दारात हुते."

प्रयागबाईने डोळे मिटून घेतले. इतके दिवस सगळ्या गावाला पाय घसरल्याचे सांगितले होते, पण पोरीला तसे सांगायचे कुणाच्या डोक्यात आले नव्हते.

युवराज उठला. तो रेश्माकडे गेला नाही. त्याने ओवीच्या बरगड्यांखाली, कुशीत लाथ घातली. पोरगी फरशीवरून घसरत भिंतीकडच्या खांबापर्यंत गेली आणि तिला रडताही येईना, नुसते तोंड उघडे राहिले.

पुढचे मी जसे आठवते तसे सांगतो. रेश्मा बसल्या जागेवरून त्याच्या अंगावर गेली. त्याने तिला एका हाताने खाली पाडले, मानेवर गुडघा दिला आणि तिचे तोंड खरबरीत फरशीवर दाबून घासले, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. "पूस," तो म्हणत होता. "पूस ते." मी त्याचा पाय धरून ओढला. त्याने दुसऱ्या टाचेने माझे मनगट चेचले; हाड मोडल्याचा आवाज मला आधी आला, दुखले नंतर. बाकीची माणसे उभी होती. युवराजच्या वाटेला कुणी जात नाही, एवढेच मला त्यांच्याबद्दल म्हणता येईल.

रेश्माने मान वळवली आणि त्याच्या अंगठ्याखालचे मांस दातांत धरले. तो गुरासारखा ओरडला. तिने सोडले नाही. गुडघा सैल पडला तशी ती निसटली, आणि पायरीपाशी नारळ फोडायचा दगड होता तो तिने दोन्ही हातांनी उचलला. तो उठून उभा राहत होता, तोच पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर. तो कोसळला. दुसरा तोंडावर. दात फरशीवर पडले. तिने तिसऱ्यांदा दगड डोक्याच्या वर नेला. आता ती त्याला ठार मारणार हे सगळ्यांना दिसत होते आणि कुणी तिला अडवले नाही. युवराजने रक्ताळलेले हात तोंडावर धरले.

तिची नजर खांबाकडे गेली. ओवी कूस धरून उठून बसली होती आणि आईकडेच बघत होती.

रेश्माच्या हातातून दगड सुटला. तिने पदराने तोंड झाकून घेतले आणि पोरीकडे पाठ केली. मला वाटते, सगळे हरले अशीच तिची समजूत झाली असेल. माझी तरी झाली होती.

ओवी भिंतीच्या कडेकडेने, बापाला वळसा घालून तिच्यापाशी गेली. पदर ओढून तिने खाली काढला. अर्धे फाउंडेशन फरशीने नेले होते. त्यातून रक्त, गुलाबी कातडी आणि काळ्या गाठी वर आल्या होत्या. ओवीने गाठीला बोट लावले. मग मान डोलावली आणि आईच्या गळ्यात हात टाकले.

प्रयागबाई धावली. तिने पोरीचे दंड धरून ओढायला सुरुवात केली. "माझी नात हाय ती. सोड. सोड, कैदाशिणी."

"प्रयागे, सोड तिला," हिंदुराव म्हणाले. ते अजून खांबाला टेकूनच होते. "पोरगी गेली तिच्याकडं. ठरलं हुतं तसं झालं."

"आन माझ्या पोराचं काय? मेला की तो."

"मेला न्हाय. पोरगी काय म्हणली ते बी समद्यांनी आयकलंय. मी बी आयकलंय. पोलिसांनी इचारलं तर सांगणार."

मी मोडके मनगट छातीशी धरून त्या दोघींच्या मागे गाडीपर्यंत चालत गेलो. ड्रायव्हरने आमच्याकडे बघितले आणि आधी दवाखाना का, असे विचारले. पोरीची कूस सुजली होती, माझा हात लोंबत होता.

"पोरीला दवाखान्यात," रेश्मा म्हणाली. "इंदापूरला, सरकारी. तितंच पोलिसांना बोलवा. ह्या बारीला खरं सांगते." थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला मारलं ते बी सांगते."

गाडी हमरस्त्याला लागली. ओवी तिच्या मांडीवर वाकडी बसली होती. हनुवटीपाशी आणि कानाखाली फाउंडेशनचे तुकडे अजून शिल्लक होते. ओवीने नखाने एक तुकडा उचकटला, बघितला, खिडकीबाहेर टाकला. मग दुसरा. खालची कातडी सोललेली होती. प्रत्येक नखाबरोबर रेश्माचा जबडा आवळत होता, डोळ्यांतून पाणी येत होते.

मी म्हणालो, "बाळा, नको, तिला लागतंय."

"लागू द्या, काका," रेश्मा म्हणाली.

"हितं आजून हाय," ओवी म्हणाली.

रेश्माने मान तिरकी करून गाल तिच्या हाताजवळ नेला. "काढ."