पाचवं शील

धम्मानंद नाशिकहून वाईनच्या तीन बाटल्या घेऊन आला आणि वसमतच्या आमच्या घरी त्यानं नात्यातल्या दोन जोडप्यांना चव घ्यायला बोलावलं. त्याचे वडील दारूनं गेले त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. "वाईन म्हणजे काई दारू न्हाई, आकांक्षा," तो म्हणाला. मी वाद घातला नाही. सासरे गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. मी ग्लास पुसले, चीज कापलं.

माणसं बसलेली पाहून सासूबाई आतून आल्या. घरात चार माणसं जमली की आधी वंदना, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यांनी बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावली आणि हात जोडले. आम्हीही सवयीनं उठलो. त्रिसरण झालं, पंचशील झालं. मद्य घेणार नाही, हे पाचवं शीलही सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. कुणीच अडखळलं नाही. मग आम्ही बसलो आणि धम्मानंदनं बाटली उघडली.

ग्लास कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा, घोट जिभेवर कसा धरायचा, ते त्यानं सगळ्यांना दाखवलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी स्टीलचा पेला पुढं केला.

"माय, तुला कशाला?"

"दे थोडी. तुझ्या बापाला त्यात काय भेटत होतं, ते तरी कळू दे."

त्यानं दाखवलं होतं तसाच त्यांनी घोट तोंडात धरला. मग गिळला.

"आंबट हाय," त्या म्हणाल्या. "याच्यापायी गेले व्हय ते?"