फवारणी पंपाची नळी

वरूडच्या नितेशनं टर्बो गाडीचं इंजिन थंड राहावं म्हणून त्यात मिथेनॉलचा फवारा बसवला. नळी मात्र लावली संत्र्याच्या बागेतल्या फवारणी पंपाची. वर ऐट अशी, "एवढं जहाल औषध सोसते, तं हे कावून नाई सोसणार?"

अकोल्याच्या रस्त्यावर भर उन्हात गाडी बंद पडली. त्यानं बॉनेट उघडलं. मिथेनॉलनं मऊ पडून नळी फाटली होती. धूर नव्हता, जाळ दिसत नव्हता. इंजिनावर हवा तेवढी थरथरत होती.

"काईच तं नाई झालं," म्हणत गाडीत सोबत आलेले त्याचे वडील, खुशालराव, नळी धरायला वाकले.

मिथेनॉलचा जाळ उन्हात दिसत नाही, हे त्या शहाण्या नितेशला ठाऊकच नव्हतं. त्याला तो दिसला, तेव्हा वडिलांच्या सदऱ्याची बाही पेटली होती.