नानांच्या गाडीचा दम

रिटायर झाल्यावर दिनानाथ फोरमनना, म्हणजे नानांना, लोकांनी दोनच गोष्टी सुचवल्या होत्या, भजनीमंडळ नाहीतर आंब्याची कलमं. नानांनी गाडी घेतली. तीही कसली? दोन दारं, दोनच सीटा, वर कापडी टप, रंग लालभडक. कधीकाळी गोव्यात बनलेली, आणि बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळलेला. रोह्याजवळच्या वरसे गावात ती पहिल्यांदा शिरली तेव्हा बायका हातातलं काम टाकून बघायला आल्या. नानांची बायको गिरजाबाई मात्र तोंडाला पदर लावून तडक माजघरात गेली. बासष्टाव्या वर्षी नवऱ्याने हे नवं सोंग आणलेलं तिला गावाला दाखवायचं नव्हतं.

पण हौसेला मोल नसतं. तीस वर्षं डोलवीच्या पोलादाच्या प्लँटवर शिफ्टा केल्या त्या माणसाने, आणि त्यातली निम्मी वर्षं लॉकरच्या दाराला आतून ह्याच गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं. ना कधी दारू, ना पत्ते. एक गाडी तेवढी मनात होती.

आता मनातली गाडी आणि दारातली गाडी यात फरक असतोच. सपाट रस्त्यावर ती झकास पळायची. पण पेणहून रोह्याला यायचं म्हणजे नागोठण्यापुढे भिसे खिंड लागते, आणि खिंडीत गाडीचा दम जायचा. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर, पहिल्यावरून घरघरीवर. मागून एसटी हॉर्न मारायची. एकदा विटांनी भरलेला टेम्पो पुढे निघून गेला आणि त्यातल्या माणसाने नानांना हात हलवून टाटा केला. पुढच्या खेपेला तर गाडी थांबलीच. चार वाटसरू ढकलत होते आणि पाचवी गिरजाबाई होती, नऊवारी खोचून. वर पोचल्यावर धापा टाकत ती म्हणाली, "अजून एकदा ही ढकलायला लागली ना, तर त्याच आठवड्यात विकायची. शब्द द्या."

नानांनी शब्द दिला. नाना शब्दाचे पक्के, हीच तर पंचाईत होती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी पेणला गोरखच्या दुकानात आणली.

गोरख कातकरवाडीचा. बायपासजवळ त्याचं सायलेन्सरचं दुकान होतं. मोटारसायकल, रिक्षा, टेम्पो, ज्याचा पाइप फुटेल तो त्याच्या दारात. चौदा वर्षांपूर्वी तो प्लँट दुरुस्तीला बंद ठेवतात त्या शटडाउनला गॅसचे सिलिंडर उचलायला म्हणून लागला होता. सगळे हमाल जेवणाच्या सुट्टीत आडवे व्हायचे, हा वेल्डरच्या मागे उभा राहून वेल्डिंगचे टाके बघायचा. नानांनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी स्वतःचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं. पुढे वेल्डरची परीक्षा आली तेव्हा ठेकेदार म्हणाला, आठवी नापास पोराला कशाला बसवता? नाना गेटवर पाय रोवून उभे राहिले. "ह्याचा हात बघा, मग मार्कशीट बघा," म्हणाले. हात बघितला. गोरख पास झाला. आज त्याच्या घराला पत्रा होता, थोरली रोशनी पेणच्या कॉलेजात जात होती, आणि त्याचं स्वतःचं मशीन होतं. रोज सकाळी मशीनला हात लावताना त्याला नाना आठवायचे. नानांसाठी आपल्या हातून कधीतरी काहीतरी व्हावं, एवढी एकच इच्छा गेली चौदा वर्षं तशीच राहिली होती.

म्हणून ती लाल गाडी दारात थांबली तेव्हा त्याला आनंदाने काय करू नि काय नको झालं.

त्याने खाली शिरून जुना सायलेन्सर ठोकला. आतले पत्रे कुजून सुटले होते, वाजत होते. पाइपही दोन वळणांवर चेपलेला. इंजिनाचा धूर बाहेर पडायला वाटच नव्हती, मग चढावर दम कुठून येणार?

"काढून टाक सगळं," नाना म्हणाले. "अडीच इंची टाक, पुढपासून मागपर्यंत. धूर कसा मोकळा निघाला पाहिजे. व्हईल ना?"

गोरखच्या मनात चटकन आलं, एवढुशा इंजिनाला अडीच इंची? नाकापेक्षा मोती जड. पण समोर नाना होते. नानांनी प्लँटवर धुराचे मोठमोठे डक्ट उभे केले होते. त्यांना नाही म्हणणारा आपण कोण?

"व्हय नाना," तो म्हणाला. "फस्क्लास करतो."

आणि केलंही त्याने जीव ओतून. स्टेनलेसचा पाइप आणला, वळणं चेपू न देता एकेक तुकडा जोडून घेतली, टाके असे घातले की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. तीन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. चौथ्या दिवशी नाना आले, सोबत गिरजाबाई. तिला शेजारच्या बाबाजींच्या कारखान्यात गणपती पसंत करायचा होता. बाबाजी नेमके एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. नानांनी चावी फिरवून एकच रेस दिली. असा काही आवाज निघाला की बाबाजींचा ब्रश भुवईवरून थेट सोंडेवर गेला.

"अहो, माणसं हायत का कोण?" बाबाजी आतून ओरडले. गिरजाबाईने कपाळावर हात मारला. नाना मात्र खुशीत होते.

"आवाज बघ! हा दम हाय दम!"

गोरख मोटारसायकलवरून मागे निघाला. नागोठण्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग खिंड सुरू झाली. गाडी डरकाळ्या फोडत होती, पण वेग धरत नव्हती. खालच्या रेसला पूर्वी जी थोडीफार ओढ होती तीही गेली होती. तिसरा गिअर, दुसरा, पहिला. मग आवाजही संपला. तिसऱ्या वळणावर लाल गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि मागे एसटीची रांग लागली.

गोरखने धावत जाऊन ढकलली, दोन ड्रायव्हर उतरले त्यांनी ढकलली. गिरजाबाई या वेळी खाली उतरली नाही. ती नवऱ्याकडे बघतही नव्हती, समोर बघत होती. वर पोचल्यावर नाना उतरले आणि गोरखच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझं काम एक नंबर हाय रे. गाडीच म्हातारी झाली. महाडचा एक जण ती घ्यायला मागे लागलाय, त्याला सांगतो रविवारी येऊन बघ."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नानांचं ते समजूतदार बोलणं गोरखला सहन झालं नाही. चौदा वर्षांनी उपकार फेडायला गेला आणि नानांचं जे एकच सुख होतं तेच विकायची वेळ आपल्या हाताने आणली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेलाच नाही. सकाळी चुलीपुढे त्याची आई, पारी, भाकऱ्या थापत होती. घरात गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच, हा पारीचा कायदा. चूल धुमसत होती आणि तिची फुंकणी सापडत नव्हती. गोरखने आणलेला अडीच इंची पाइपचा उरलेला तुकडा भिंतीला टेकून उभा होता. पारीने तोच उचलला, तोंडाला लावला आणि गाल फुगवून फुंकर मारली. राखसुद्धा हलली नाही. तिने पुन्हा फुंकलं. मग पाइप बाजूला टाकून ती हसायलाच लागली.

"फुंकणी हाय का पिंप ही? सगळा वारा आतच मेला!"

तेवढ्यात लाकडांमागे तिला आपली जुनी फुंकणी सापडली, बोटभर जाडीची. एक फुंकर, आणि निखारे फुलले.

गोरख बघत राहिला.

"आये, अजून एकदा फुंक. पहिल्या पाइपने."

"याड लागलंय का तुला?"

"फुंक गो."

पारीने फुंकलं. काही नाही. छाती तीच, वारा तेवढाच. रुंद नळीत पसरून थंड पडत होता, अरुंद नळीत पळत होता. गाडीचं इंजिन तर पारीच्या छातीएवढंच होतं, त्याला कारखान्याचं धुराडं लावून ठेवलेलं. तरी अगदीच बारीक नळी पण नको, तोंड दाबल्यासारखी. त्याने हे बोलून दाखवलं तेव्हा पारी म्हणाली, "नळी छातीच्या मापाची पायजे रे. ह्यात शिकायचं काय?"

हे मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं, गोरखच्या मनात आलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

अर्धी भाकरी तशीच टाकून तो वरशाला गेला. नाना ओटीवर बसले होते, गाडीवर ताडपत्री होती.

"नाना, पाइप जाड झाला. आयेच्या फुंकणीने दाखवलं. पावणेदोन इंची टाकतो, चांगला सायलेन्सर लावतो. एक डाव द्या."

नानांनी मान हलवली. "शब्द दिलाय रे हिला. ढकलायला लागली. झालं."

आतून गिरजाबाई बाहेर आली. हातात तांदळाचं सूप होतं.

"शब्द मला दिलाय ना? मग तो सोडायचा का धरायचा ते मी बघीन." ती गोरखकडे वळली. "कालपासून हा माणूस ताडपत्रीकडे बघत बसलाय, जेवण पण धड जात नाय. गाडी होती तर एक कटकट होती, नसली तर दोन व्हतील. रविवारी तो माणूस यायच्या आत कर. खिंडीत मी गाडीत बसेन. थांबली तर महाडवाल्याला चावी मी देईन, सांगून ठेवते."

गोरखला तिच्या पायाच पडावंसं वाटलं. पडलाही. "अरे अरे," करत तिने सूप सांभाळलं.

गाडी टेम्पोने ओढून पेणला आणली आणि तीन दिवस पुन्हा मशीन चालू. या वेळी त्याने आधी मोजलं, मग कापलं. इंजिनापासून मागपर्यंत एकाच मापाचा पाइप, वळणं गुळगुळीत, सांध्याच्या आत वितळलेल्या धातूचा एक थेंबही राहू दिला नाही. शेवटी नवा सायलेन्सर. चालू केली तेव्हा बाबाजी ब्रश उचलून धरून थांबले होते. गाडी खालच्या सुरात गुणगुणली. बाबाजींनी मान डोलावली आणि दुसरा डोळा आखला.

रविवारी सकाळी नाना गाडी न्यायला आले. बाजूला गिरजाबाई, पदर खोचून, ढकलायची वेळ आलीच तर तयारी असावी म्हणून. मागे मोटारसायकलवर गोरख. नागोठणं गेलं, खिंड लागली. पहिलं वळण तिसऱ्या गिअरात. दुसरं वळण तिसऱ्यात. ज्या वळणावर त्या दिवशी एसटींची रांग लागली होती तिथे गोरखने मोटारसायकल हळू केली. गाडीचा सूर जरासा खाली आला, नानांनी पाय दाबला आणि ती ओढत वर गेली. पुढे चाललेल्या विटांच्या टेम्पोला तिने हॉर्न दिला आणि मागे टाकलं. उघड्या टपातून एक बांगड्यांचा हात वर आला आणि टेम्पोला टाटा करून खाली गेला.

गोरख हेल्मेटच्या आत रडत होता. बरं झालं, कोणी बघत नव्हतं.

वरच्या सपाटीवर नानांनी गाडी बाजूला घेतली. उतरले ते साठीचे वाटतच नव्हते. गोरखचे दोन्ही हात धरले. म्हणाले, "पारीबायला सांग, दिनानाथने हात जोडलेत. पुढच्या रविवारी तिला न्यायला येतो, हिच्या जागेवर बसवतो."

"बसवा की," गिरजाबाई म्हणाली. "आणि त्या महाडवाल्याला फोन करा, म्हणावं येऊ नको."

नानांनी फोन केला. केल्यावर गाडीभोवती एक फेरी मारली. डोळ्यांत आता नवीच चमक होती.

"गोरख, एक काम करू. हवेचा फिल्टर पण काढून टाकू, सरळ उघडं तोंड ठेवू. वारा मोकळा आत जाईल. अजून दम मिळेल. काय?"

"नाय, नाना."

बोलून गेल्यावर गोरखला स्वतःलाच धक्का बसला. नानांनी भुवई उंचावली.

"नाय म्हणजे?"

"नाय म्हणजे नाय. ह्या रस्त्याला खडीचे डंपर चालतात. सगळी धूळ इंजिनात जाईल. दोन महिन्यांत पिस्टनच्या रिंगा खाऊन टाकेल."

 नानांनी बॉनेटवरची धूळ बोटाने पुसली.

"हे बरोबर हाय," ते हळूच म्हणाले. "मग मला सांग, अडीच इंचाच्या वेळी का नाय बोललास? तेव्हा तुला कळत नव्हतं?"

गोरखने मान खाली घातली.

"कळत होतं."

"मग?"

"तुमच्यामुळे खातोय, नाना. तुमच्यापुढे तोंड उघडत नव्हतं."

 नानांच्या नाकाच्या शेंड्याला लाली आली होती, रागाची की कशाची ते त्यांनाच ठाऊक.

"अरे येड्या, तुझ्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला तो तुझं तोंड बंद करायला दिला का मी?"

 गिरजाबाईने दार उघडलं, उतरली आणि रस्त्याच्या कडेला असलेल्या त्याच्या मोटारसायकलीकडे निघाली.

"ह्या मोटारसायकलवर मी मागे बसते, त्या टेम्पोवाल्याचं तोंड बघायचंय मला परत," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही चालवा ही. आणि गोरखला बसू दे तुमच्या गाडीत, स्टेअरिंगवर."

"मला मोटारसायकल चालवायची?" नाना म्हणाले. "ह्या वयात? म्हातारा झालो ना मी?"

"नाय," गोरख आणि गिरजाबाई एकदमच म्हणाले, आणि नाना इतके हसले की त्यांना दाराला धरून उभं राहावं लागलं.