मागखात्यातली मडम

हुगळीकाठच्या गिरणीतले चौदा माग तीन दिवस रुसून बसले होते, आणि त्यांची समजूत काढायचं काम विल लाउडनचं होतं. विल माणूस सोन्यासारखा, पण मागांचा मिस्त्री म्हणून स्कॉटलंडातल्या डंडीहून इथे आला तो चुलत्याच्या वशिल्याने. खरी कारागीर त्याची बायको जेसी. तिने डंडीत वीस वर्षं तागाचं कापड विणलं होतं. इथे मात्र ते बोलायची चोरी. साहेबांच्या बायकांनी व्हरांड्यात चहा प्यावा आणि जन्मल्यापासून आपण असाच पीत आलो, असं दाखवावं, हा इथला शिरस्ता.

"आज माग चालू झाले नाहीत, तर उद्याच्या बोटीने आपली रवानगी," विल लापशी ढवळत म्हणाला.

"आणि डंडीच्या गिरण्या स्वस्तात बायकाच घेतात, तिथे पुरुषाला कोण काम देतंय? मी गिरणीत मरणार, तू घरी चहाची किटली उकळत बसणार!"

"मग करू तरी काय?"

"काही करू नकोस. तुझा पाना दे इकडे."

जेसीने टोपी घातली, हातमोजे चढवले. डंडीची विणकरीण कामावर अशीच जाते. शाल पांघरून जातात त्या सूत कातणाऱ्या, आणि त्यांच्यात आपल्याला कुणी मोजलेलं विणकरणीला खपत नाही.

शेजारच्या मिसेस डथींनी व्हरांड्यातूनच हटकलं, "चर्चला का हो? आज तर मंगळवार!"

"कामाला," जेसी म्हणाली आणि सरळ मागखात्यात शिरली.

दुपारपर्यंत अकरा माग चालू झाले. त्या खडखडाटात वर्षभरात पहिल्यांदाच तिला मोकळं वाटलं. तेवढ्यात मॅनेजर फर्कर्सनसाहेब दारात उभे राहिले, रागाने लालबुंद. ते कारकुनाला काही म्हणाले. मागांच्या गोंगाटात शेजारी असून त्याला ऐकू गेलं नाही, पण डंडीच्या विणकरणी दिवसभर एकमेकींचे ओठ वाचूनच बोलतात.

'हाकल त्या बाईला. दोघंही उद्या बोटीवर.'

जेसीने पाना सोडला नाही. चाळीस पावलांवरून, आवाज न काढता, ओठ ताणून ती म्हणाली, 'मग उरलेले तीन कोण करणार? तुम्ही?'

कारकून नुसता बघत राहिला. फर्कर्सन स्वतःला पाद्र्याचा मुलगा म्हणवत. गिरणी काय ते म्हणे हिंदुस्थानात आल्यावरच पाहिली. पण त्यांचेही ओठ तसेच ताणले गेले, तसेच आवाजावाचून.

'मला नाही येत. आईला यायचं.'

आपण काय बोलून बसलो ते कळलं तसा त्यांचा चेहरा पांढरा पडला. जेसीने नजर वळवली नाही.

'उरलेले तीन पुरे कर,' एवढंच म्हणून साहेब निघून गेले, आणि जेसी बाराव्या मागाखाली वाकली.