शिक्का सत्तेचाळीस

नाशिकबाहेरच्या त्या विमान-कारखान्यात तपासनिसाला नावाने कुणी ओळखत नसे, शिक्क्याच्या आकड्याने ओळखत. रंगनाथ गावित म्हणजे सत्तेचाळीस. पंखात शिरून, एकेका रिवेटवर बोट फिरवून, पटलं तरच तो शिक्का मारी. ढिला रिवेट म्हणे त्याला बघून आपणच खाली उडी टाकी.

अठ्ठ्याण्णवच्या चैत्रात शिक्का वरिष्ठ रविराज साहेबांच्या कपाटात ठेवून तो हरसूलकडे मामाच्या गावी बोहाड्याला, मुखवटे चढवून सोंगं नाचवण्याच्या उत्सवाला, गेला. तिथल्या आग्यावेताळाचं सोंग नाचवण्याचा मान त्याच्या मामाच्या घराचा, आणि यंदा ते रंगनाथने नाचवलं. रविराज साहेब म्हणालेच होते, "रजेचा अर्ज कशाला? जा रे."

तीन दिवसांनी आला तर दोन विमानांचे पंख तयार, सगळ्यांवर सत्तेचाळीसचा शिक्का. त्याने बोट लावलं. रिवेट फिरला.

"साहेब, मी नव्हतोच इथे! एक सोमवारी उडणार, दुसरं गुरुवारी. माणसं मरतील!"

"हजेरीत तर तू आहेस."

"अख्ख्या गावाने पाहिलंय मला."

"तोंड पाहिलं का तुझं?"

सोंग चढलं की माणसाचं नाव घ्यायचं नाही, ही गावची रीत. मामाही म्हणाला, "भाच्या, आमी वेताळ पायला. तुझं नाव कसं लावू?" तो वर्तमानपत्रवाल्यांकडे गेला, तर त्यांनी पुराव्याचा कागद मागितला. कारखान्यातून कागदाचा कपटाही बाहेर निघत नसे.

"गप बसा ना," बायको योगिनी म्हणाली. "विमान काय तुमचं आहे?"

"शिक्का आहे ना माझा."

सोमवारी सकाळी विमान धावपट्टीवर आलं, आणि समोर आग्यावेताळ उभा! परातीएवढे डोळे, हातभर जीभ. रखवालदारांपैकी एक पुढे सरकेल तर शपथ. पायलटने करकचून ब्रेक दाबले.

वेताळाने आपल्या हाताने मुखवटा उतरवला. गावात असं कधी कुणी केलं नव्हतं.

"रंगनाथ गावित. शिक्का सत्तेचाळीस. डावा पंख बघा. दोन्ही विमानांचे असेच आहेत."

पायलट उतरला. बोट लावताच रिवेट फिरला, निघाला आणि त्याच्या तळहातावर पडला. रिवेट मुठीत धरून त्याने विचारलं,

"दुसरं विमान कुठाय?"

धावत आलेले रविराज साहेब बूट न्याहाळू लागले. "ते... गुरुवारऐवजी आज पहाटेच उडवलं. हा ओरडत सुटला होता म्हणून."

त्र्यंबकच्या डोंगरांकडून इंजिनाची बारीक घरघर ऐकू येत होती. मग ती थांबली. मुखवटा काखेत धरून रंगनाथ ती पुन्हा सुरू होण्याची वाट बघत उभा राहिला.